फ्लेक्सवरचा पांढरा गोल

माझी फजिती ऐकल्याशिवाय तुम्हाला चहा उतरत नाय का? ऐका, पण परत विचारायचं नाय.

नातवाचं बारसं लेकीच्या सासरी, अष्टमी गावात. फ्लेक्सवर दोन्ही आजोबांचे फोटो. व्याह्यापुढे म्हातारा दिसू नये म्हणून मी पेणच्या डिझाइनवाल्याकडून माझ्या फोटोतल्या सुरकुत्या घालवून, मिशा काळ्या करून घेतल्या. तो म्हणाला, "काका, हे सॉफ्टवेअरच्या नव्या व्हर्जनचं काम हाय. अष्टमीच्या छपाईवाल्याकडे जुनं असलं तर उघडायचं नाय. जुन्यात सेव्ह करतो. उजाळा जाईल, पण फोटो राहील."

मी म्हटलं, "नातू नवा, फ्लेक्स पण नवाच पायजे."

बारशाला पोचलो तर फ्लेक्स दारात लागलेला. व्याह्याचा साधा फोटो जसाच्या तसा. माझ्या जागी पांढरा गोल, खाली माझं नाव.

छपाईवाला तिथंच जेवायला आलेला. म्हणाला, "तुमचा फोटो उजळवलेला होता ना, तेवढाच माझ्या जुन्या व्हर्जनने घेतला नाय."

व्याही सगळ्यांसमोर म्हणाले, "पावणं, एवढं पण उजळायचं नसतं."

आमची हीसुद्धा पदर तोंडाला लावून हसली. तिला सोडलं, तिच्या हातचं जेवायचं असतं. पण माफी मागायची राहिलीय ती व्याह्याने, दामू ठाकूरने.