अहवाल आधी गावात

मंडळी, या शोकसभेसाठी मी घरून वाक्यं ठरवून आणली होती. समोर काळमेघ मॅडमचा फोटो पाहिला, आणि त्यातलं एकही वाक्य त्यांना चाललं असतं असं वाटेना.

मॅडम विशेषणं खोडायच्या. आमच्या सरकारी पर्यावरण प्रयोगशाळेत कुणी 'अत्यंत दूषित' लिहिलं, की म्हणायच्या, "आकडा लिहिला ना? मग ओरडता कशाला?" म्हणून जपून बोलतो. मागच्या फलकावर त्यांना 'संस्थापक' म्हटलंय. प्रयोगशाळा सरकारनं स्थापन केली. मॅडमनी तिचं कुलूप उघडलं, आणि निवृत्त होईपर्यंत ते पुन्हा लागू दिलं नाही.

सुरुवात वर्ध्यातल्या भाड्याच्या दोन खोल्यांत झाली. ते दिवस मी पाहिले नाहीत, ऐकले आहेत. शुद्ध पाणी तयार करायचं काचेचं यंत्र तिथे दिवसभर ठिबकायचं. आपला जिल्हा दारूबंदीचा. शेजाऱ्यांनी तक्रार केली, हवालदार आले. "बाई, भट्टी दाखवा." मॅडमनी ग्लास भरून पुढे केला. हवालदारांनी घोट घेतला, तोंड वाकडं केलं. "याले तं काईच चव नाई!"

"त्याचाच मले पगार भेटते," मॅडम म्हणाल्या.

मंडळी, आमच्याकडे एक पद्धत आहे. कुठल्याही नियमात ती सापडणार नाही. विहिरीचा अहवाल आधी त्या गावात मोठ्यानं वाचायचा, मग वर पाठवायचा. पाणी ज्यांचं, त्यांना आधी कळलं पाहिजे. ही मॅडमची पद्धत.

त्यांचे मोठे बंधू, वसंतदादा, पुढच्या रांगेत बसले आहेत. आज सकाळी त्यांनीच मला बजावलं, "भाऊ, माह्या विहिरीचं सांगजो. लपवू नको." म्हणून सांगतो.

त्यांचं गाव पुलगावकडचं. अर्धी वस्ती दादांच्या विहिरीवर पाणी भरायची. शेजारच्या गोठ्यातलं शेणमूत झिरपून पाण्यात नायट्रेट उतरलं होतं. तान्ह्या लेकरांना ते घातक. मी नोकरीत नवा होतो. म्हणालो, मॅडम, हा अहवाल मी वाचतो. त्या म्हणाल्या, नाही.

दादा पारापाशी आडवे आले. "इंदे, कागद वर पाठव ना! गावात काऊन वाचून राह्यली? माही इज्जत काय राहीन?"

"दादा, तुह्या इज्जतीपायी लेकराईले हे पाणी पाजू काय?"

आणि मॅडमनी वाचलं. अहवालाच्या शेवटी विहिरीच्या मालकाचं नाव असतं. तेही वाचलं. कुणी विचारलं, उकळून पिलं तर? "उकळून हे जात नाई. विहीर बंद करा." मागून एक म्हातारी म्हणाली, "हिनं भावाले सोडलं नाई, आपल्याले काय सोडन!" सगळे हसले. दादा हसले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी काट्या टाकून विहीर बंद केली ती दादांनीच. आणि त्या वर्षी या बहीणभावांची भाऊबीज झाली नाही.

मी माझ्या भावासमोर वाचलं असतं का? स्वतःला हे पुष्कळदा विचारलं. अजून नक्की सांगता येत नाही. एवढं मात्र सांगता येतं, की त्यानंतर गावं आम्हाला बोलवायला लागली. गिरडकडून, अल्लीपूरकडून माणसं स्वतः बाटल्या भरून आणायला लागली. सरकारी कागदावर माणसं विश्वास ठेवतात. ही या प्रयोगशाळेची कमाई. मॅडमनी ती स्वतःच्या घरापासून सुरू केली. इथे मला विशेषण वापरावंसं वाटतं. वापरत नाही.

आता आदेश आलाय. अहवाल थेट संगणकावर चढवायचे. गावात वाचायला जायचं तर गाडी मिळणार नाही. वाचू नका असं कुणी म्हटलेलं नाही. मनाई नाही, फक्त सोय नाही. अशाच वेळी पद्धती गुपचूप संपतात, नाही का? शेवटच्या आजारात मॅडमनी मला विचारलं, अहवाल गावात वाचता ना? मी म्हणालो, गाडीच नाही मॅडम, बघू.

उशीवरून मान वळवून म्हणाल्या, "काऊन? एसटी बंद झाली काय?"

मॅडम, नमस्कार. त्याचं उत्तर आज या सगळ्यांसमोर देतो.

मंडळी, आता आपण उभे राहू या, आणि थोडा वेळ कुणीच काही बोलू नये. त्याआधी माझं उद्याचं एक काम सांगून ठेवतो: समुद्रपूरची सकाळची एसटी धरायची, आणि तिकडच्या गावाचा अहवाल गावात वाचायचा.