तळ्याकाठची झोळी

नाव: मृणाली केसरीनाथ तरे. वय: २३ वर्षे. धंदा: नोकरी, सायझिंगच्या कारखान्यात कारकून. राहणार: कामतघर, भिवंडी.

समक्ष हजर राहून स्वतःच्या हाताने लिहून देते की, आज सकाळी हवालदारांनी माझा जो जबाब लिहून घेतला, त्यात 'बाळाची झोळी' असे दोन ठिकाणी आले आहे. मी फक्त 'झोळी' म्हटले होते. 'बाळाची' हा शब्द माझा नाही. शाळेत जाण्याआधी मी लिहायला घरी वडिलांकडे शिकले. जे कोणी बोलले नाही ते त्याच्या नावावर लिहायचे नाही, हे त्यांनी माझ्याकडून पक्के करून घेतले होते. म्हणून हा दुसरा जबाब मला लिहू द्यावा अशी मी विनंती केली व ठाण्याच्या साहेबांनी ती मान्य केली.

काल शनिवार, दिनांक १० फेब्रुवारी २००७ रोजी अर्धी ड्युटी करून मी खारबावच्या पुढे एका पाड्याबाहेर तळे आहे तेथे गेले. एकटी गेले. रात्री झोळीत झोपायचे व सकाळी परत यायचे असे ठरवले होते. झोळी मी स्वतः पॅराशूटच्या कापडाची शिवली आहे. दोन्ही टोके दोन झाडांना बांधली की मोठे माणूस तिच्यात आडवे होऊ शकते. मागच्या वर्षी एका शिबिरात मी तशी झोपले होते व मला ते आवडले होते.

एकटी का, असे मला सकाळपासून सर्वांनी विचारले. बरोबर कोणी असले की बोलत राहावे लागते, असे मी सांगितले. हवालदार म्हणाले, "घरी झोपायला जागा नाही काय?" घरी जागा कमी आहे हे खरे, पण ते कारण नव्हते. घरी मी मैत्रिणीकडे जाते असे सांगितले होते. ते खोटे होते.

संध्याकाळी मी काठावरच्या दोन करंजांना झोळी बांधली आणि बाटल्या भरायला रस्त्यावरच्या बोअरिंगवर गेले. जाताना झोळी वाऱ्याने हलत होती. परत आले तेव्हा हलत नव्हती.

झोळीत एक गाठोडे होते. मळकट फडक्यात काहीतरी लांबट गुंडाळलेले होते व मध्ये गाठ मारली होती. एक टोक उघडे होते. ते काळे व गोल होते. उचलले तेव्हा जड लागले. माझ्या बाजूला कोणी नव्हते. समोरच्या काठाला एक माणूस कमरेइतक्या पाण्यात जाळे धरून उभा होता व माझ्याकडे पाहत होता. मी ओरडून विचारले, "काका, इथं कोण आलं होतं?" त्याने उत्तर दिले नाही. वारा उलटा होता, ऐकू गेले नसेल. तेव्हा मात्र हे त्याचेच काम असावे असे मला वाटले.

कोणीतरी करणी करून ठेवली आहे असे माझ्या मनात आले. मी अशा गोष्टी मानत नाही असे सर्वांना सांगत असते. त्या वेळी मानले. गाठ न सोडता गाठोडे दोन्ही हातांनी उचलून पाण्यात टाकले. तो माणूस जाळे तसेच टाकून पाण्याबाहेर आला आणि पाड्याकडे पळाला. काही केल्याशिवाय कोणी असे पळत नाही, असे मला वाटले. माझ्याबद्दल त्यालाही तेच वाटले होते, हे सकाळी कळले.

अंधार पडला होता व परत जायला रिक्षा मिळाली नसती, म्हणून मी तेथेच राहिले. समोरच्या काठावर बॅटऱ्या दिसत होत्या. त्या जवळ आल्या नाहीत व गेल्याही नाहीत. मला झोप लागली नाही.

उजाडताना पोलीस पाटील दौलत, जाळेवाला नवशा आणि दोन बायका आल्या. दौलत म्हणाले, "पोर कुठं हाय?"

मी म्हटले, "कोणाचं पोर?"

"तुजं. झोलीतलं."

"झोळीत मी होते."

त्यावर एक बाई हसली. "येवढी मोठी बाय झोलीत निजते व्हय? आमाला येडं समजते!"

नवशा म्हणाला, "पाटील, मी माज्या डोल्यांनी बघलं. झोलीतनं काढलं नि पान्यात टाकलं. रडलंबी न्हाय."

मला येथे ठाण्यात आणले. आईला निरोप गेला व ती आली. मी सांगितले की मी टाकला तो दगड असावा. हवालदार म्हणाले, "दगडाला कपडे कोण घालतं?" माझे बाळंतपण नुकतेच झाले आहे काय हे पाहण्यासाठी सरकारी दवाखान्यात पाठवायचे पत्र तयार केले. महिला शिपाई म्हणाल्या, "घाबरू नको, बाईच डॉक्टर असते." मी नकार दिला. नकार दिला म्हणजे काहीतरी आहे, असे कोणीतरी मागून बोलले. कोण ते मी पाहिले नाही.

दुपारी नवशानेच जाळे ओढून गाठोडे काढले. फडक्यात वरवंट्यासारखा दगड निघाला. तो टेबलावर ठेवला. हवालदार म्हणाले, बुडावे म्हणून दगड बांधला असेल आणि बाळ सुटून गेले असेल.

त्यानंतर पाड्यावरील गुणाबाई आल्या. त्या रात्री लवकर झोपून पहाटेच भाजी घेऊन भिवंडीच्या बाजारात गेल्या होत्या. परत आल्यावर त्यांना हे समजले. फडके पाहून त्या म्हणाल्या, "ह्यो माजाच. हंड्याखालची चुंबल हाय." साहेबांनी विचारले, झोळीत का ठेवला? त्या म्हणाल्या, "रिकामी झोली वाऱ्यानं हलत व्हती. रिकामी हलली तं पोराला वाईट असतं, सायेब. आमी बारशाला आदी वरवंटा ठेवतो, मंग पोर. आय पोराला घेऊन पान्याला गेली असंल म्हनलं. धुन्याचा दगड घेतला, गुंडालला नि ठेवला. पोर कुनाचंबी असो."

मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "तुजी व्हय ती? तू निजतेस? अगं बय!"

साहेब हसले. मग सर्वजण हसले. नवशा म्हणाला, "मंग मी काय खोटं बघलं?" साहेब म्हणाले, आता तपासणीची गरज नाही, पत्र फाडून टाका, पोरीला घरी न्या.

गुणाबाईंवर किंवा नवशावर माझी काही तक्रार नाही. दोघांनी जे पाहिले ते सांगितले.

मी पिशवी घेण्यासाठी उठले तेव्हा आई कमळ माझ्याजवळ आली. तिने हळू आवाजात विचारले, "मृणाली, खरंच दगडच होता ना?" तेव्हा दगड टेबलावरच होता.

मी साहेबांना विनंती केली की पत्र फाडू नये. सरकारी दवाखान्यात मी आजच तपासणीला जाईन आणि डॉक्टरांच्या दाखल्याची एक प्रत मला घरी नेण्यास मिळावी. साहेब म्हणाले, "आता कशाला? आम्ही मानलं ना." कारण विचारले ते मी सांगितले नाही व येथेही लिहीत नाही.

वरील मजकूर मी लिहिला व मीच मोठ्याने वाचला. आई समोर होती, तिनेही ऐकला. यातील शब्द माझे आहेत आणि बरोबर आहेत.

(सही) मृणाली केसरीनाथ तरे