घर खाली आहे

ऐका हो ऐका, ग्वाल्हेरच्या इतिहासातली एक अत्यंत गंभीर घटना मी आज जाहीर करतो: एका पाटीवर एक शब्द चुकला. आणि चुकवला कोणी, तर मी, दौलतगंजातल्या पेंटरने, ज्याचा जन्म पाट्या लिहिण्यात गेला.

आमचे पूर्वज दक्षिणेतून फौजेबरोबर आले, पुढे तलवार गेली, वडिलांच्या हाती ब्रश आला, तोच माझ्या. काय सांगू तुम्हाला, एकाच कचेरीचा एकच पत्रा मी तीनदा रंगवला, आधी ग्वाल्हेर राज्य, मग मध्यभारत, मग मध्यप्रदेश, आणि तिसरा रंग वाळतो न वाळतो तोच कचेरीच भोपाळला गेली. तिच्याबरोबर माझा धाकटा भाऊ बंडू, तिथला कारकून, बायको-मुलासकट. जाताना म्हणाला, दादा, माझ्या खोल्या भाड्याने देऊ नकोस, बदली करून येतोच. मी म्हटलं, ये रे बाबा, किल्ली तुझ्याकडेच ठेव.

गल्लीतली मराठी बिऱ्हाडं अशीच एकेक उठली. मी कचेऱ्यांचे टाकलेले पत्रे उचलून आणले आणि त्यांवर त्या रिकाम्या खोल्या रंगवू लागलो, माणूस एकही नाही, नुसती खुंटी, कोनाडा, तसबीर काढलेल्या जागेचा पांढरा चौकोन. बायको म्हणायची, लोक देव रंगवतात, तुम्ही भिंती रंगवता, त्याही गेलेल्यांच्या!

बऱ्याच वर्षांनी आमच्या मराठी मंडळाच्या माडीवर चित्रं मांडली आणि दारावर झोकात पाटी लिहिली: घर खाली आहे. आता आम्हा ग्वाल्हेरकरांच्या मराठीत हिंदी अशी मुरलेली, की खाली म्हणजे रिकामं, त्यात चूक ती काय!

बंडू भोपाळहून आला, बरोबर पुण्याची नवी सून. तिने पाटी वाचली आणि आल्या पावली जिना उतरली, मला वाटलं, काही विसरली असेल. बंडू आपल्या खोलीच्या चित्रापुढे उभा, रंगवलेल्या खुंटीवरून बोट फिरवत. मी विचारलं, कधी येतोस रे? तो माझ्याकडे न बघता म्हणाला, दादा, तिकडे जागा घेतली, बांधकाम सुरू आहे. आणि किल्ली माझ्या हातात ठेवली.

आज त्या खोल्यांत भाडेकरू आहेत, सुखी राहोत बिचारे. पण त्या क्षणी, किल्ली अजून मुठीत, तोच सगळा तळमजला धुंडाळून सून धापा टाकत वर आली आणि भर लोकांत म्हणाली, अहो काका, खाली तर काहीच नाही हो!