राखणदार हलवला, वळण तिथेच

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि मालवणच्या बाजारपेठेतले ज्येष्ठ व्यापारी आदरणीय सत्यवान परुळेकर, राष्ट्रीय रस्ते पुनर्बांधणी आणि सुरक्षा कार्यक्रमाच्या आपल्या किनारी विभागाचे प्रमुख माननीय केयूर नाडकर्णी साहेब, आमच्या खैरवाडीच्या सरपंच सुशीलाताई मेस्त्री, जिच्यासाठी, माफ करा, ज्यांच्यासाठी आपण सगळे जमलो आहोत त्या नियोजन अधिकारी गौरजा कारखानीस मॅडम, आणि मे महिन्याच्या या घामाच्या दुपारी आंबा-काजूची कामं टाकून आलेल्या माझ्या गाववाल्यांनो आणि कार्यालयातल्या सहकाऱ्यांनो,

सूत्रसंचालकांनी माझी ओळख 'भावी अभियंता सिद्धेश पुजारे' अशी करून दिली. त्यांचे आभार, पण दुरुस्ती करतो. सिव्हिलचं तिसरं वर्ष मी अर्ध्यावर सोडलं. त्यामुळे भावी वगैरे काही नाही. या प्रकल्पाच्या सर्वेक्षणात मॅडमच्या मागे टेपचं दुसरं टोक धरून उभा राहणारा मुलगा, एवढीच माझी ओळख पुरे आहे.

माझ्या खिशात लिहून आणलेलं भाषण आहे. चांगलं झालं होतं. अक्का, म्हणजे माझी मोठी बहीण, ऐकून म्हणाली, "इतक्या गोड बोलशीत तर लोक चाय बिनसाखरेची पितले." ते मी आता वाचणार नाही. का, ते नाडकर्णी साहेबांना ठाऊक नाही, पण कारण तेच आहेत. त्यांच्या आत्ताच्या भाषणातल्या एका वाक्याने माझे कागद रद्दी झाले. त्या वाक्याकडे येतो. साहेब, घड्याळ बघू नका. जेवण तयार व्हायला वेळ आहे, मी आचाऱ्याला विचारून आलोय.

मॅडम पहिल्यांदा खैरवाडीत आल्या तेव्हा लोकांना वाटलं, विम्याची एजंट आली. ठाण्याची मुलगी, डोक्यावर हेल्मेट, हातात मोजणीचं चाक. ते चाक ढकलत त्या कुणकेश्वरच्या बाजूने चालत आल्या आणि आमच्या वळणावर थबकल्या. तिथे रस्ता टेकडीला वळसा घालतो. आतल्या बाजूला सातविणीचं जुनं झाड आणि त्याच्या मुळात आमच्या राखणदाराचा, म्हणजे गाव राखणाऱ्या देवाचा, पाषाण. झाडामुळे समोरचं वाहन दिसत नाही. मॅडमनी मला विचारलं, "इथे अपघात होतात?" मी म्हटलं, "होतात तर!" त्या म्हणाल्या, "पण पोलिसांकडे एकाचीही नोंद नाही."

बरोबर आहे. नसणारच. सभागृहातल्या शहरी पाहुण्यांना हे विचित्र वाटेल, म्हणून सांगतो. आमच्याकडे रस्त्यावर कोणी कोणाला ठोकलं तर प्रकरण पोलीस स्टेशनात जात नाही, देवळात जातं. ठोकणारा बहुतेक वेळा शेजारच्या गावचा, कुणाचा तरी जावई, कुणाचा तरी भाचा. देवासमोर उभं करायचं, चूक कबूल करून घ्यायची, दवाखान्याचं त्याने बघायचं, वर्षभर दोन्ही घरांनी एकमेकांकडे येत-जात राहायचं. आम्हाला ह्याचा अभिमान होता. आमच्या गावात खटला नाही, असं आम्ही छाती काढून सांगायचो.

ज्यांना आज दाजी म्हणून सगळे ओळखतात, जे आमच्या देवळात सगळ्या गावाच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालतात, त्यांची बायको रुक्मिणीकाकी त्याच वळणावर एसटीची वाट बघत उभी असताना टेम्पोखाली गेली. टेम्पो कोणाचा होता? सर्वेश, मागे बसलायस ना? सांगू?

ऐकलंत? "सांग रे, लपवून काय रवला नाय आता," म्हणतोय.

टेम्पो सर्वेशचा होता. दाजींचा सख्खा भाचा. दाजींनी दवाखान्यात स्वतःच्या तोंडाने सांगितलं, "घसरून पडली." भाच्याचं आयुष्य वाचवलं त्यांनी. पण सरकारच्या लेखी त्या वळणावर कोणी मेलंच नाही.

आता हा कार्यक्रम चालतो कसा, ते मला मॅडमनीच शिकवलं. पैसा काही कोणाच्या खिशातून येत नाही. मोठा वाटा बँकेच्या कर्जाचा, उरलेला सरकारचा. बँक विचारते, या जागी पैसे घातले तर किती जीव वाचतील? आणि किती जीव वाचतील हे ती किती गेले त्यावरून ठरवते. जिथे नोंदी जास्त, तिथे गुण जास्त. जिथे गुण, तिथे निधी. म्हणजे ज्या गावाने भांडणं वाढवली त्याला रस्ता, आणि ज्याने मिटवली त्याला वळण. मी चिडलो. मॅडम म्हणाल्या, "चिडू नकोस. नोंदीशिवायही एक वाट असते. जागा स्वतः तपासून धोका सिद्ध करता येतो. ते माझं काम."

आणि केलंही त्यांनी! हे मी नाकारणार नाही. त्या वळणाशी बसून आम्ही येणारी-जाणारी वाहनं मोजली. मी कागदावर खुणा करायचो, त्या मागून बघायच्या. "सिद्धेश, रिक्षा सोडलीस." सोडली असेल. माझं लक्ष रिक्षाकडे नव्हतं. ज्या दिवशी कॉलेजची फी भरायची शेवटची तारीख होती, त्या दिवशी मी वळणावर टेप धरून उभा होतो. घरी अक्का ओरडली, "रस्तो सरळ करूक गेलो नि सोता वाकडो होवन इलो!" हसा, हसा. त्या वेळी मीही हसलो होतो.

त्या बाबतीत, सभागृहासमोर स्पष्ट सांगतो, मॅडमनी मला कधीच काही शब्द दिला नव्हता. माझं वेडेपण माझ्यापाशी. त्याची तक्रार मी करत नाही, कधी करणारही नाही. त्यांनी शब्द दिला होता तो वेगळ्या गोष्टीचा.

सर्वेश त्यांना भेटायला आला होता. म्हणाला, "मॅडम, मी पोलिसात जाऊन सांगतंय. केस होऊ दे माझ्यार. नोंद तरी होयत." बायको-पोरं असलेला माणूस हे बोलत होता. मॅडम, तुम्ही काय म्हणालात, आठवतं? म्हणालात, "त्याची गरज नाही. वळण कामात घेतलंय. फक्त जागा मोकळी हवी, झाड आणि देवाचा दगड हलवावा लागेल."

सुशीलाताई, तुम्ही सांगा, राखणदार हलवणं म्हणजे काय असतं ते. अर्धं गाव अंगावर आलं होतं. दोन वेळा कौल लावला, दोन्ही वेळा मिळाला नाही. तिसऱ्यांदा मिळाला. गावाला समजावत कोण फिरलं? मी. कोणाच्या भरवशावर? तुळशीची लग्नं झाली आणि सगळं गाव सातविणीखाली जमलं. येताना गाडीवर मी मॅडमना सगळं समजावून सांगितलं होतं. ज्याच्या शब्दावर काम चाललंय त्याने नारळावर हात ठेवायचा असतो. दाजी गाऱ्हाणं घालतील, सगळ्यांबरोबर आपणही 'व्हय म्हाराजा' असा हुंकार द्यायचा. आणि तो हुंकार नुसता आवाज नसतो. तिथे बोललं की बांधलं जातं. तुम्ही विचारलंत, "आणि शब्द पाळला नाही तर?" मी म्हटलं, "असं कोणी करत नाही."

दाजींनी हात जोडले. "बा देवा राखणदारा, आज तुझी जागा आमी हलयतंव, ती हौशेन नाय, तुझ्याच लेकरांच्या जिवासाठी हलयतंव..."

व्हय म्हाराजा!

"ह्या परमुलखातल्या चेडवान शब्द दिल्लो आसा, वळान सरळ करतलंय म्हणान. तो तेच्याकडसून पुरो करून घे..."

व्हय म्हाराजा!

मॅडम, सगळ्यात स्वच्छ आवाज तुमचा होता. तुमचा हात नारळावर होता. बायका एकमेकींना कोपरं मारून म्हणत होत्या, "चेडू आपला झाला." चेडू म्हणजे मुलगी, साहेब. आणि दाजींनी, ज्यांची बायको तिथे गेली त्यांनी, स्वतःच्या हाताने पाषाण उचलला. मग सातविणीवर कुऱ्हाड पडली.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. शिमग्याच्या सुमारास मंजुरी आली. कुणकेश्वरपासून मालवणपर्यंतच्या नकाशावर कामांच्या ठिकाणी लाल ठिपके होते, आमच्या वळणावर नव्हता. मी कार्यालयात येऊन टेबलावर हात आपटला, ते इथल्या काही जणांनी पाहिलंय. टेबलाची काच फुटली, तिचे पैसे माझ्या पगारातून कापले, हिशेब मिटला. तेव्हा मॅडम मला बाहेर व्हरांड्यात घेऊन गेल्या. डोळ्यांत पाणी होतं. म्हणाल्या, "वरून कापलं रे, सिद्धेश. आत्ता, शेवटच्या क्षणी. मी काय करू?"

मी काय करणार होतो? मीच त्यांची समजूत घातली. आणि त्यानंतर गावात घरोघरी जाऊन सांगत सुटलो, मॅडमचा दोष नाही, बँकवाल्यांनी केलं, मुंबईवाल्यांनी केलं. एका माणसाने "तुझ्या मॅडमनी फसवल्यान" म्हटलं, त्याची मी कॉलर धरली. तो इथे बसलाय. बापू, कॉलर सोडली मी तुझी. उशीर झाला.

कारण आत्ता, याच माईकवरून, नाडकर्णी साहेब काय म्हणाले? कौतुकाने म्हणाले. खरं तेच म्हणाले. "गौरजाची कार्यक्षमता बघा. खर्च मर्यादेबाहेर चालला होता. दसऱ्यालाच तिने स्वतः बसून कमी नोंदींची ठिकाणं वगळली, म्हणून आपला प्रस्ताव पहिल्या फेरीत पास झाला, म्हणून आज तिला मुंबईत बढती मिळतेय." टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. दोन टाळ्या वाजल्यावर माझे हात थांबले.

दसऱ्याला.

दसरा आधी येतो, मॅडम. दिवाळी मध्ये, आणि तुळशीची लग्नं नंतर. तुम्ही नारळावर हात ठेवलात तेव्हा वळण तुमच्या प्रस्तावात नव्हतंच. तुम्हीच काढलं होतंत. तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही दाजींना दगड उचलू दिलात. का? मला एवढंच कळत नाही. गाव जमलं होतं म्हणून बोलवेना? की आम्ही काय, विसरून जाऊ, असं वाटलं? वगळणं मी समजू शकतो. पैसे कमी होते, नोंद नव्हती, मी तुमच्या जागी असतो तर कदाचित तेच केलं असतं. पण मग तसं सांगायचं होतं! सर्वेश पोलिसात गेला असता. झाड उभं राहिलं असतं. पूर्वी त्या वळणाला निदान राखणदार तरी होता. आता वळण आहे आणि राखणदार नाही.

अध्यक्ष महाराज चिठ्ठी पाठवताहेत. "आवरा" लिहिलंय. आवरतो.

कार्यक्रमपत्रिकेत पुढे लिहिलंय, शाल व श्रीफळ देऊन सत्कार. शाल साहेब देतील. श्रीफळ आणायचं काम माझ्याकडे होतं. ही पिशवी त्याचीच. हा नारळ बाजारातला नाही. ज्यावर हात ठेवला होता तो हा. काम पुरं झाल्यावर वळणावर फोडायचा म्हणून देवळात ठेवला होता. काल दाजींनी तो माझ्याकडे दिला. शब्द देणाऱ्याच्या हातात नारळ परत दिला की तो शब्दातून मोकळा होतो, अशी आमच्याकडे रीत आहे. दाजी म्हणाले, "चेडू बढतीर चल्ला. तेच्या माथ्यार आमचा ओझा कशाक? ह्यो तेच्या हातात दी आणि मोकळा कर तेका." मी विचारलं, "आणि काकी?" म्हाताऱ्याने पिशवीची गाठ स्वतः मारून दिली.

म्हणजे गावाने तुम्हाला माफ केलं होतं, मॅडम. आणि मी ते करायलाच आलो होतो. मनातून हौसही होती, की निदान नारळ देताना तरी...

नको, हात पुढे करू नका.

हा मी देणार नाही. दाजी मागतील तर त्यांच्या पाया पडेन, पण देणार नाही. तुम्ही मुंबईला पुढच्या टप्प्याच्या नियोजनावर चाललात. नवी ठिकाणं आता तुमच्याच टेबलावर ठरणार. सर्वेश सोमवारी पोलीस स्टेशनला जातोय. बघा, मान हलवतोय. मी त्याच्यासोबत जातोय, आणि दाजींनाही नेणार आहे. नोंद होईल. तुमच्या बँकेला हवे असलेले गुण आम्ही मिळवून देऊ, आमच्याच माणसाला आरोपी करून. नारळ देवळात परत जाईल. ज्या दिवशी वळण सरळ होईल त्या दिवशी तुम्ही या आणि फोडा. तोपर्यंत तुम्ही मोकळ्या नाही.

अध्यक्षांनी मला बोलू दिलं, साहेबांनी नकळत का होईना खरं सांगितलं, आणि गाववाल्यांनी मधे उठून मला खाली ओढलं नाही, याबद्दल सर्वांचे मनापासून आभार. निरोपाच्या दिवशी असं बोलू नये, हे मला कळतं. बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल तर या सभागृहाने ते पोटात घालावं.

तुम्ही मात्र घालू नका, मॅडम. तुम्ही माझ्यावर रागावूनच जा. रागावलेलं माणूस विसरत नाही.