साळूमावशीचं निळं नाव

नाय, काढणार नाय मी. — बसा ना विश्वजीतदादा, भांडायचं असलं तरी बसून भांडा, पंख्याचा वारा तिकडंच लागतो. तुमच्या आईचं, साळूमावशीचं, नाव माझ्या शीटमधून काढा म्हणता, नायतर निदान त्याच्यावरची लिंक तरी काढा म्हणता — दोन्ही व्हायचं नाय. काय? भावकीच्या ग्रुपवर फिरतंय? फिरू द्या की! फिरावं म्हणूनच तर केलंय. पडेगावातल्या, वेरूळकडच्या बाया जात्यावर जे म्हणायच्या ते मी मोबाईलमध्ये भरून घेते, ते काय चोरून करते का? रविवारी, भर दुपारी, ओट्यावर बसून करते. अख्खी गल्ली बघती.

तुम्हाला वाटलं, करुणाला काय, वाळूजच्या कंपनीत डेटा भरती, सुट्टीच्या दिवशी रिकामा उद्योग. व्हय, तिथंच शिकले. मशीनच्या पार्टची यादी असती — नुसतं नाव दाबलं की त्या पार्टचं ड्रॉइंग उघडतं. अवघड काय नाय त्यात. नावावर उजवं बटन दाबायचं, लिंक निवडायची, पत्ता चिकटवायचा — झालं, नाव निळं होतं, खाली रेघ येती. किती तरी दिवस तेच करत होते, नट, बोल्ट, वायसर — आणि एकदा जेवणाच्या सुट्टीत मनात आलं, नटाचं नाव दाबलं तर नट दिसतो, मग बाईचं नाव दाबलं तर बाईचा आवाज का येऊ नये? सांगा ना, का येऊ नये?

तुमचा राग कळतो मला. तिच्या ओवीतलं ‘पाठीवर उठे वळ’ — एवढंच सांगितलं ना लोकांनी? अन् वडिलांची बदनामी झाली म्हणता. अहो, तिनं नाव कुठं घेतलंय त्यांचं? तरी लोकांना कळलं — का कळलं? माझ्या लिंकनं? गल्लीला आधीच ठाऊक होतं, दादा. भिंती काय लई जाड नव्हत्या तुमच्या. अन् फसवून भरून घेतलं म्हणता — फसवून! तीच म्हणाली मला, करुणा, माझं बी टाक, नावानिशी टाक. वाचता येत नाय तिला, पण शीटमधली तिसरी ओळ आपली हे पक्कं लक्षात हाय. दर रविवारी येती, स्वतःच्या नावावर स्वतः बोट ठेवती, ऐकती, खुशीत मान हलवती, मग चहा घेऊन —

— व्हय. इथं येती. तुम्हाला काय सांगती, देवळात जाते म्हणून? आता निसटलंच तोंडातून तर नीट ऐका. आमच्याच घरी येती, आमच्याच कपातून चहा घेती. तोंड असं का झालं तुमचं? तिला चालतं. तुमचा बी कप गार होतोय कवाचा, मला काय दिसत नाय व्हय?

अन् मला दमात घेऊ नका. ह्या लॅपटॉपवर ही सगळ्यात वरची ओळ बघा — मालनबाई. काळंच हाय ना नाव? दाबा. दाबा की! काय नाय होत. माझी आई ती. जयंतीला गायला उभी राहिली की वस्ती गप व्हायची, गाणी बी स्वतःच रचलेली. मी शाळेत होते तवा गेली. कुणी भरून ठेवलं नाय — कोण ठेवणार, कशात ठेवणार? शीट सुरू केली तवा पहिलं नाव तिचंच टाकलं, बटन दाबलं, अन् ते पत्ता मागायला लागलं. कुठला पत्ता देऊ? ... असं बघू नका माझ्याकडं, रडत नाय मी.

अन् तुम्ही आलात निळं नाव काळं करा म्हणायला. पोलीस आणा, वकील आणा, नाय करणार. एक विचारते — तुम्ही स्वतः ऐकलं का ते?... नाय? न ऐकताच आलात, एवढ्या तावात? मग पुढची ओळ कुणी सांगितलीच नाय तुम्हाला. मला बी सांगायची नव्हती, पण आता ऐकाच.

‘पाठीवर उठे वळ, पदर मी घट्ट घेते,
लेकरू दारी आलं, हसून घास देते.’

कोण ते लेकरू? तिला तर एकच हाय.

... नाय, लॅपटॉप ओढू नका. सगळ्यांनी ऐकावं इथं, तुम्ही नाय. माझी नाय राहिली म्हणून मला हे बटनं दाबत बसावं लागतं. तुमची घरी हाय, आता इकडं यायला चप्पल घालत असंल. जा, समोर बसा तिच्या, म्हणा गा. — उठा, उठा. अन् दार लावू नका जाताना, बाया यायची वेळ झालीय.