कालवफोड्या आणि माझी किंकाळी

…नाही, पण मला सांगा, पोटरीभर चिखलात उभ्या असलेल्या माणसाच्या खांद्यावर मागून, न बोलता, बोट टेकवायचं असतं का? तर म्हणे असतं! मिडाच्या खाडीवर आम्हा पक्षीवेड्यांची रीतच ती… वेगळा पक्षी दिसला की ब्र काढायचा नाही, पुढच्याच्या खांद्याला बोट लावायचं, त्यानं त्याच्या पुढच्याच्या. आता मी दचकते, त्याला मी काय करू?

आणि रविवार कुठला, तर डामामावशींचा शेवटचा! उद्या मुलगा येणार आणि त्यांना कायमचं नैरोबीला नेणार. इथं येणारे सगळे पाहुणे पक्षी त्यांनी पाहिलेत, राहिला तो फक्त कालवफोड्या. पार उत्तरेच्या थंडीतून येतो, तोही कधीमधी एखादा, आणि उभा कुठं राहतो? खेकडे खाणाऱ्या शेकडो पक्ष्यांत… तेही तस्सेच काळेपांढरे! फरक काय तो चोचीचा, त्यांची काळी, याची गाजरासारखी. मावशींचे गुडघे चिखलात चालेनात, म्हणून त्या काठावर उलट्या होडीवर बसलेल्या. मला म्हणाल्या, “म्बेयू, पोरी, दिसला तर माझ्या वाटचाही बघून घे हो.”

आणि तो नेमका दिसला काहिंदीदादांना, आणि त्यांच्यापुढे नेमकी मी! खांद्याला बोट लागलं मात्र… अशी किंकाळी फोडली मी, अशी फोडली, की अख्खा थवा आभाळात! “अगं बये,” दादा कपाळाला हात लावून म्हणतात, “बोट होतं ते, मगर नव्हती!” मी रडकुंडीला. पण मी दचकते, त्याला मी काय करू?

पण तुम्हाला सांगते, भरती चढत होती. टेकायला कोरडी जागा उरलेली एकच… मावशींच्या होडीपुढची वाळू! थवा गर्रकन वळला आणि उतरला की हो तिथंच! आम्हाला लांबून नुसत्या पाठी, आणि मावशी विनादुर्बिणीच्या, अंगावर पांघरलेल्या खांग्याच्या कापडाचं टोक तोंडात कोंबून, त्या केशरी चोचीकडे बघतायत… बघतायत… गालांवरून पाणी वाहतंय.

परतलो तर माझे चिखलाचे हात धरून म्हणाल्या, “देव तुझा घसा असाच ठेवो गं!” देवाशपथ, इतकं छान मला आयुष्यात कुणी म्हटलं नव्हतं. मी म्हटलं, “आता समाधानानं नैरोबीला जा, मावशी.”

“जाते कुठली! एकटा इतक्या जवळ आला, तर आता जोडी बघितल्याशिवाय मी हलायची नाही. माझ्या लेकाला तेवढं फोन करून सांग तू. माझं ऐकत नाही तो.”

फौजदार आहे हो तो, फौजदार!

…सांगा मावशी, नंबर सांगा.