पवनच्या बाबांची पाणपोई

वाशीमच्या बसस्थानकावर वैजयंतीबाई ताठ बसल्या होत्या. दुसऱ्यांचे बोलणे ऐकणे त्यांच्या शिस्तीत बसत नसे. पण आज कान शेजारच्या बाकाकडेच लागले होते.

"गोजराबाई, काल रेडिओवर तुमच्या पाणपोईचं आयकलं व माय! पण ते तं म्हणे, पवननं सुरू केली."

"रेडिओवाल्या पोरीनं इचारलं, कोणं सुरू केली? म्या म्हटलं, पवनच्या बाबानं. नाव सांगा म्हणे. नवऱ्याचं नाव म्या जलमात घेतलं नाई. मंग तिनं पवनचंच लावून देल्लं."

"आता?"

"ते गेल्यावर तरी लोकायनं त्यायचं नाव आयकावं, म्हणून तं गेली होती मी. आता पुन्हा तिथंच चालली. पण जीभ वळत नाई."

"उखाण्यात घ्या."

"पाणपोईच्या बातमीत उखाना? हासतीन लोकं!"

वैजयंतीबाईंनी मान वळवली.

"बाई, आधी मला सांगा. मी परक्या गावची आहे. काय नाव मालकांचं?"

गोजराबाईंनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला.

"रामकिसन."

"असं पुटपुटून कोणाला ऐकू जाणार? मोठ्यानं म्हणा."

"रामकिसन!"

चौकशीच्या खिडकीतून साहेबांनी डोके बाहेर काढले.

"कोणाले बलावून राह्यल्या, बाई?"